मॅडमचं चित्र

कुंदाबाई जमिनीवर पसरलेल्या मोठ्या कागदावर उताणी झोपली होती आणि खुशनुमा कोळशाच्या कांडीनं तिच्या अंगाभोवती रेघ ओढत होती.

"हाई चित्र कोनं शे वं?" कुंदाबाईनं पडल्या पडल्या विचारलं. ती नेल पार्लरमध्ये झाडलोट करायची. "मनं का तुनं?"

"तुझंही नाही, माझंही नाही. हलू नको, मावशी. मॅडम तुझ्याएवढ्याच उंच आहेत."

कुंदाबाई ताडकन उठून बसली. "तुले भ्याव नही वाटस का?"

खुशनुमानं तिला खांद्याला धरून पुन्हा झोपवलं.

सोमवारी पार्लर बंद असायचं. धुळ्याच्या चित्रकला महाविद्यालयातले प्रेमराज सर त्या दिवशी जळगावला येत आणि नखांचं काम करणाऱ्या मुलींना एका शाळेच्या हॉलमध्ये जमवत. आपल्या अंगाची बाह्यरेषा काढायची आणि जिथं दुखतं तिथं रंग भरायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. तोंडानं न सांगता येणारं मुली रंगानं सांगत. कुणी पाठीचा कणा लाल केला, कुणी बोटांच्या टोकांना जखमा काढल्या. खुशनुमाला स्वतःचं काही सांगायचं नव्हतं. तिला ज्योतीसाठी सूड घ्यायचा होता.

ज्योती तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. नकली नखं घासताना उडणारी गुलाबी धूळ आणि ॲसिटोनचा वास घेत दोघींनी चार दिवाळ्या काढल्या. एसीची थंड हवा बाहेर जाते म्हणून धूळ बाहेर ओढणारा पंखाही बंद आणि खिडक्याही बंद. ज्योतीला आधी खोकला लागला, मग जिना चढताना दम लागायला लागला. पार्लरच्या मालकीण रत्ना मॅडमनं तिला सगळ्या मुलींसमोर उभं केलं.

"खोकणारी पोरगी टेबलावर नको. गिऱ्हाईक पळतं."

"मॅडम, ही धूळ..." खुशनुमा मध्ये पडली.

"धूळ काय सांगतेस मला? धुळ्याला पहिलं दुकान काढलं तेव्हा मी एकटीनं टेबल सांभाळलंय. वर्षानुवर्षं. मला काय झालं?"

ज्योती गावी गेली, दीपनगरच्या पलीकडं. खुशनुमा तिला भेटायला गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की गुदमरायचं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरून तिला धुळीनं भरलेलं उजवं फुफ्फुस दाखवलं होतं. आता पूर्वीसारखं होणार नाही, असं म्हणाला होता.

"तिला एकदा तरी असं व्हावं," ज्योती एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून खुशनुमाच्या डोक्यात तेच होतं. कुंदाबाईच्या रेघेत तिनं मॅडम उभी केली. हिरवी पैठणी, गळ्यात पोहेहार, हनुवटीवरचा तीळ. जळगावात कुणीही ओळखलं असतं. मग पदराच्या जागी छाती उघडी करून तिनं उजवं फुफ्फुस काढलं. टेबलावरची धूळ पुडीत बांधून आणली होती, ती डिंकात कालवून त्यात भरली. अगदी गच्च, श्वासाला फट राहणार नाही अशी. भरताना तिचे दात आवळलेले होते.

"हे आजाराचं चित्र नाही," प्रेमराज सर मागून म्हणाले. "हा शाप आहे."

"हो सर."



प्रदर्शन धुळ्याला ठरलं. मॅडमचं माहेर, सासर, पहिलं दुकान, भिशीच्या मैत्रिणी, सगळं धुळ्यातच. आमंत्रण द्यायला खुशनुमा स्वतः गेली. मॅडम हल्ली पार्लरचा जिना चढत नसत. खाली गाडीतच बसून हिशेब मागवत. काच चार बोटं खाली झाली. मॅडमनं नाकाशी ओढणी धरली होती.

"वर या ना मॅडम."

"नको. तुमच्या त्या वासानं डोकं उठतं."

आम्ही दिवसभर त्यातच बसतो, खुशनुमाच्या ओठांवर आलं. पण ती गोड हसली. "उद्घाटन तुमच्या हातून व्हावं, अशी आम्हा सगळ्या मुलींची इच्छा आहे."

"येईन," त्या म्हणाल्या.

त्या आल्या, भिशीतल्या बायका घेऊन. ज्योतीला खुशनुमानं गावाहून गाडी करून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मॅडमनं तिच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. एकेक चित्र बघत त्या शेवटच्या, कापडानं झाकलेल्या चित्रापाशी आल्या. खुशनुमानं दोरी त्यांच्या हातात दिली.

कापड खाली पडलं.

"अगंबाई, ही तर आपली रत्ना!" मागून कुणीतरी बोललं. मग हॉलभर कुजबुज. ज्योती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

खुशनुमा ताठ उभी होती. थप्पड बसेल, नोकरी जाईल, पोलिसांत तक्रार होईल. सगळ्याची तिनं मनाची तयारी केली होती. मॅडमचा चेहरा पडलेला तिला डोळे भरून बघायचा होता.

मॅडमनं पर्समधून चष्मा काढून लावला. चित्राच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी त्या धुळीनं भरलेल्या फुफ्फुसावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वळल्या आणि खुशनुमाच्या कानाशी वाकल्या.

"डावंही भर, खुशनुमा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मुंबईचे डॉक्टर म्हणाले, धूळ तिकडंही पोचलीय."