हात वर घे

सामना चालू असताना केतकीने डावा हात हळूच खाली सोडला, आणि मॅटच्या कडेला कोच म्हणून बसलेले तिचे वडील खुर्चीतून अर्धवट उठले.

कराटेतला हा डाव खराडेंनीच लेकीला शिकवला होता. डोकं उघडं दाखवायचं आणि समोरचीने लाथ उचलली की आत शिरून ठोसा मारायचा. गेल्या वर्षी तिला आत शिरायला जरासा उशीर झाला आणि लाथ डोक्यावर बसली. शुद्धीवर आल्यावर तिने त्यांनाच विचारलं होतं, "काका, तुम्ही कोण?"

आता गुण बरोबरीत होते आणि वेळ संपत आली होती. समोरच्या उंच मुलीची नजर केतकीच्या कानशिलावर खिळली. तिने अंगाचा भार मागच्या पायावर घेतला. लाथ येणार, हे खराडेंना स्वच्छ दिसलं.

"हात वर घे," ते किंचाळले.

केतकीने सवयीने हात वर घेतला. पोट उघडं पडलं आणि त्या मुलीने लाथेचा विचार सोडून तिथेच ठोसा मारला. सामना गेला.

"बाबा, ती फसली होती," खाली उतरल्यावर केतकी म्हणाली. "का ओरडलात?"

खराडेंनी तिच्या कानशिलावरून हात फिरवला. "पुढच्या वेळी माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी बसव," ते म्हणाले. "मला भीती वाटते गं."