भिंगरीचा होकार

भिंगरी तिसऱ्यांदा "नाही" म्हणाली, तेव्हा संपादकबाईंनी पेनाला पुन्हा टोपण लावलं.

आता आली का पंचाईत! मागच्या पुस्तकावर एका पोराचा फोटो त्याला न विचारता छापला, तर पेपरवाल्यांनी प्रकाशकसाहेबांची अब्रू पार वेशीला टांगली होती. तेव्हापासून कचेरीत नियमच झाला. मुखपृष्ठावरच्या मुलाला आधी चारचौघांसमोर विचारायचं आणि त्याचं उत्तर फॉर्मवर लिहायचं. पोर नाही म्हणेल, हे मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि भिंगरीचं तरी काय चुकलं हो? सात वर्षांची पोर, दुसरीत जाणारी. पुस्तकाचं नाव 'मूल अंथरूण ओलं करतं?'. फोटोग्राफरने पलंग मांडून, गादीवर पाणी ओतून हवा तसा डाग पाडून ठेवला होता. भिंगरीने त्या डागाशेजारी फक्त मान खाली घालून बसायचं होतं.

"मी शू करत नाही," भिंगरी म्हणाली. "वर्गात सगळे चिडवतील मला."

साहेबांनी समजावलं की फोटोतली मुलगी म्हणजे काही तू नाहीस. फोटोग्राफरने खिशातून चॉकलेट काढलं. पुस्तक लिहिणारे डॉक्टरही मुद्दाम आले होते. ते म्हणाले, यात लाजण्यासारखं काहीच नसतं, पान बारावर मी तसं स्पष्ट लिहिलंय.

"मग तुम्ही बसा ना," भिंगरी म्हणाली.

डॉक्टरांनी टाय सारखा केला. त्यांचा फोटो मागच्या बाजूला जायचा होता, पुस्तकांच्या कपाटासमोरचा.

मग सगळे भिंगरीच्या आईकडे बघायला लागले. आई त्याच कचेरीत मुद्रितं तपासायची, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. साहेबांना नाही कसं म्हणायचं? तिने लेकीचे केस कानामागे सारले. तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

"बघ ना, बाळा," एवढंच ती म्हणाली.

संपादकबाईंनी पुन्हा टोपण काढलं आणि अगदी मधाळ आवाजात चौथ्यांदा विचारलं.

भिंगरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाईंकडे वळून म्हणाली, "हो म्हटलं की विचारायचं थांबाल?"

बाईंनी घाईघाईने फॉर्मवर लिहिलं, 'मुलीने आनंदाने होकार दिला.'