छतावरचं सोलर

जिना आगीने अडवला होता आणि छतावरच्या खोलीत एक मुलगी अडकली होती. भर दुपारी छताला शिडी लावता लावता सुखदेवने विचारलं, "काका, वरचं सोलर चालू आहे का?"

"अरे, बिल्कुल बंद पडलंय ते! जा बिनधास्त!" घरमालक दत्तात्रयकाका ओरडले.

नोएडाच्या फायर स्टेशनात सुखदेव एकटाच मराठी. दर दिवाळीचा फराळ त्याने याच घरी खाल्लेला. काकांचा शब्द प्रमाण मानून त्याने आपल्या जोडीदार जवानाला, अतुलला, पुढे धाडलं. धुरात एक तुटकी तार अतुलच्या हाताला लागली आणि तो जागीच कोसळला. लाकडी दांड्याने तार बाजूला सारून सुखदेव आत घुसला आणि काकांच्या नातीला, तनयाला, उचलून घेऊन आला.

संध्याकाळ झाली तरी अतुल शुद्धीवर आला नव्हता. हॉस्पिटलच्या बाकावर काका मान खाली घालून बसले होते.

"काका, सोलर चालू होतं."

"माहीत होतं रे. पण खरं सांगितलं असतं, तर तुम्ही आधी तारा तपासत बसला असता. माझी तनया आत होती."



"तरीही मी गेलोच असतो, काका," सुखदेव म्हणाला. "फक्त अतुलला पुढे धाडलं नसतं."