खालच्या आवाजात

भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाचा श्वास टिपणारं यंत्र शर्वरी दाभोळेंनी अकरा वर्षं खपून बनवलं होतं. आता तेच यंत्र ड्रोनवर बसवून परदेशातल्या एका युद्धात तळघरांत लपलेली माणसं हुडकून मारली जात होती. बातमी वाचून त्यांनी फेसबुकवर लिहिलं, "हे पाप आहे. आपल्या सरकारने हे यंत्र विकणं थांबवावं."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या संचालकांनी बोलावलं. "बाई, तुमचं मला पटतं. पण वरून फोन आला होता. अनुदान गेलं तर चाळीस जण घरी बसतील. तेवढं काढून टाका."

"पटतं, तर तुम्हीही बोला ना."

संचालक फाइल चाळत राहिले. शर्वरीबाईंनी दातओठ खात मजकूर काढून टाकला.

कॅन्टीनमध्ये सहकारी रेगे शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "छान लिहिलं होतंत. पण काढलंत ते बरं केलंत." संध्याकाळपर्यंत आणखी आठ जणांनी त्यांना एकटीला गाठून नेमकं हेच सांगितलं.

शेवटच्याला त्या म्हणाल्या, "चला, आपण दहा जण मिळून पुन्हा लिहू."

त्याला एकदम मीटिंग आठवली.