सासऱ्यांची बैठक

"बाबा तासभर खुर्चीवर टिकले, तर खुशाल नोकरी सोड," बायको म्हणाली. "नाहीतर मुकाट्याने बढती घे आणि गॅरेज रिकामं कर."

बाबा म्हणजे तिचे वडील, निवृत्त न्यायाधीश. कोर्टातली खुर्ची सोडली, तर हा माणूस आयुष्यात कुठे टिकून बसला नव्हता. न्हाव्याकडे गेले, तर अर्धी दाढी झाली की उठत आणि उरलेली घरी येऊन करत. स्वतःच्या लग्नातही फोटो निघण्याआधीच ते चालू पडले होते. अल्बममध्ये सासूबाई एकट्याच लग्न करताना दिसतात.

नवऱ्याची नोकरी एका बड्या विमा कंपनीत. बैठकीत काय बोलायचं हे ठरवायला जी बैठक होई, तिचे तक्ते तो करी. पगार उत्तम, जीव मेटाकुटीला. उरल्या वेळात गॅरेजमध्ये बसून त्याने कॉम्प्युटरवरचा एक खेळ रचला होता. त्यात एक होडी, बेटंच बेटं, वादळं आणि चिडला की गाणारा देवमासा. सुरुवातीच्या पडद्यावर शोभेपुरती एक गोगलगाय. दारावर स्टुडिओची पाटीही त्याने स्वतःच रंगवली होती. आता साहेबांना उत्तर हवं होतं. बढतीला होकार किंवा राजीनामा, आज संध्याकाळपर्यंत.

सासरे आले. "काय जावईबापू, या वयात आम्हाला खेळायला बसवताय?"

"नुसते बसलात तरी पुरे, बाबा."

बायकोने डोळे वटारले. "काही शिकवायचं नाही, काही सांगायचं नाही. बाहेर चल."

त्याने लॅपटॉपवर खेळ लावून दिला, दार लोटलं, आणि दोघं पायरीवर बसली. फटीतून सासऱ्यांची पाठ दिसत होती. बराच वेळ ती हललीच नाही.

"झोपले की काय?"

बायको डोकावून आली. "टक्क जागे आहेत. हाताची घडी घालून बघतायत. मध्येच हसलेसुद्धा."

"देवमासा भेटला असेल."

तिने चहा नेऊन दिला, तर त्यांनी तिच्याकडे न बघताच हाताने बाजूला सारला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं, जपून."

"होडीला म्हणतायत," तो कुजबुजला. "वादळ सुरू झालं वाटतं."

तास उलटला. बायको घड्याळाकडे बघतच राहिली. "दादाच्या पदवीदानाला हा माणूस दारातूनच टाळ्या वाजवून परत आला होता," ती म्हणाली. मग हसली. "दे पाठवून राजीनामा. शब्द म्हणजे शब्द."

त्याने फोनवर बोट टेकवलं. साहेबांचं उत्तरही लगोलग आलं. मंजूर.

दोघं आत गेली. सासरे चष्मा काढून डोळे पुसत होते.

"जावईबापू, नोकरी सोडाच तुम्ही. निवृत्त झाल्यापासून इतकं निवांत वाटलं नव्हतं. ती गोगलगाय पानाच्या टोकाशी येते, जरा विचार करते आणि मागे फिरते. दर खेपेला वाटतं, आता पडली. पडत नाही हो."

"आणि बेटं?" त्याने चाचरत विचारलं.

"कसली बेटं? खाली 'खेळ सुरू करा' असं काहीतरी लुकलुकत होतं, पण मी हात नाही लावला. म्हटलं, एवढं छान चाललंय, उगाच बिघडायचं."