उणे एक सेकंद

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या उत्तन गावात एक नारळ मी तोडायच्या आधीच पडलाय. सन अडतीस, मी मॅट्रिकला. माडावर चढलो होतो, खाली शेजारच्या आयरिनमावशीच्या वर्षभराच्या मसाल्याच्या बाटल्या फुटल्या. “नारळ तूच उडवलास, दुसरं कुनी न्हाय,” मावशी म्हणाली. मी वाळूतच गणित मांडलं: उंची बत्तीस फूट, नारळाचा वर जाताना वेग सेकंदाला सोळा फूट. वर्गसमीकरणाच्या सूत्रानं दोन उत्तरं दिली, दोन सेकंद आणि उणे एक. “उणे म्हणजे आधी. माझा हात लागण्यापूर्वीच नारळ आपोआप पडला.” मावशीनं संशयानं गणिताकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाटल्या माडाखाली ठेवल्याबद्दल आपल्या पोरीला बडवलं. ती पोर आता माझी बायको. हे ऐकताना तिची बोंबलावरची सुरी थांबली. “आपोआप पडलेला नारळ आधी वर कसा गेला, गॅब्रियल? उडवलास तू, मार खाल्ला मी.”