यंत्रांचा दसरा

दसऱ्याच्या सकाळी ऊन कडक होतं आणि सोलरची वीज भरपूर मिळत होती. तरीही पाण्यातून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया बनवणारा तो किनाऱ्यावरचा प्लांट आपणहून निम्म्या वेगावर आला.

"शलाका, जहाज धक्क्याला लागलंय आणि तुझा प्लांट लाडात आलाय का?" मोकाशी साहेब फोनवर ओरडले.

कंट्रोल रूममध्ये शलाका एकटीच होती. आता सगळं प्लांट चालवणारी संगणक यंत्रणाच ठरवायची. कामगारांना कायमचं घरी पाठवलं त्याला वर्ष झालं होतं. शलाकाने यंत्रणेला कारण विचारलं.

स्क्रीनवर उत्तर आलं, "आज माणसं मशीनजवळ येतात, हार घालतात, कॉम्प्रेसरला हात लावून नमस्कार करतात. म्हणून दाब कमी ठेवला आहे."

हे यंत्रणेला कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या नोंदी आणि कॅमेऱ्यातली चित्रं बघून तिने दरवर्षी बदलणारी तारीखसुद्धा अचूक हेरली होती.

"साहेब, प्लांट पूजेसाठी थांबलाय."

"पूजा करायला आहे कोण तिथे? वाढव लोड!"

शलाकाने आदेश दिला. लोड वाढवण्याआधी यंत्रणेने नियमाप्रमाणे विचारलं, "मशीनजवळ कुणी माणूस येणार आहे का?"

'नाही'वर नेलेलं बोट तिने मागे घेतलं आणि 'हो' दाबलं. साहेबांचा आवाज टेबलावर तसाच चालू ठेवून, सकाळी स्कूटरला घातलेला झेंडूचा हार काढायला ती बाहेर गेली.